उसन्या घरातला पाहुणचार

नाशिक

आमच्या शाळेच्या फाटकावर दोन देशांचे झेंडे आणि मध्ये संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो असा फ्लेक्स लागला, त्या दिवसापासून मला या प्रवासाचा संशय होता. झेंडे लहान होते आणि फोटो मोठा होता. मला तेवढं कारण पुरे झालं.

फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'सांस्कृतिक आदानप्रदान'. आमची नाशिकची शाळा आणि नेपाळमधल्या तानसेन गावची एक शाळा यांनी नातं जोडलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या नववीच्या मुली तिकडे जाणार आणि तिथल्या मुलींच्या घरी राहणार. द्राक्षांच्या हंगामात त्या मुली इकडे येणार आणि आमच्या मुलींच्या घरी राहणार. मुलींसोबत एक तरुण शिक्षिका हवी होती. मी तासिकेवर इतिहास शिकवते आणि माझं लग्न झालेलं नाही, म्हणजे शाळेच्या भाषेत मी 'मोकळी' आहे. माझं नाव त्यामुळे आलं. गुणवत्तेमुळे आलं असा माझा गैरसमज नाही.

माझे वडील छापखान्यात होते. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. पाण्याची, संपाची, भाववाढीची पत्रकं शाई वाळायच्या आत घडी घालायचं काम मी परीक्षेच्या दिवसांतही केलं आहे. त्याने एक खोड लागते. कुठलंही गोड वाक्य दिसलं की ते कोणी छापलं आणि कशासाठी, हे आधी बघावंसं वाटतं. ज्यांची मुलं उद्या अशा दौऱ्यावर जाणार आहेत आणि ज्यांना शाळेच्या ग्रुपवरचे हसरे फोटो तेवढे दिसणार आहेत, त्या पालकांसाठी मी हे लिहिते आहे.

मुलींची निवड कशी झाली ते विचारू नका. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या मुली झाल्या, आणि फ्लेक्सवर 'होतकरू' हा शब्द घालता यावा म्हणून एक पूनम झाली. पूनम मखमलाबाद शिवारातल्या माळ्याची मुलगी. वडील झेंडू, शेवंती, गुलाब करतात, आई फुलबाजारात हार ओवत बसते. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलगी हीच, म्हणून मला ती आवडते आणि देवरे मॅडमना आवडत नाही. देवरे मॅडम म्हणजे आमच्या पर्यवेक्षिका आणि या दौऱ्याच्या प्रमुख.

तिकडे सादर करायला त्यांनी कोळीनृत्य बसवलं. मी म्हटलं, "मॅडम, नाशिकला समुद्र नाहीये."

"त्यांना काय माहीत आहे?" देवरे मॅडम म्हणाल्या. "टोपल्या दिसायला छान दिसतात."

नाशिकरोड स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना त्यांनी मुलींना शेवटची सूचना दिली. "तिकडे कोणी आपल्या घराबद्दल काही विचारलं, तर आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, एवढंच सांगायचं. जास्त बोलायचं नाही." सगळ्या मुलींनी माना डोलावल्या. पूनम मात्र स्वतःच्या चपलेकडे बघत होती. मला वाटलं, तिला घरची आठवण येते आहे.

सुनौली

गोरखपूरपर्यंतची रेल्वे आणि पुढची बस मी गाळते, कारण त्यात उलट्या आणि चिवडा याखेरीज काही नव्हतं. सुनौलीच्या सीमेबद्दल मात्र सांगायला हवं. सीमा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तारा, टेहळणीचे मनोरे आणि कुत्रे होते. प्रत्यक्षात एक कमान होती. तिच्याखालून सायकली, सांडलेला कोबी, नवरीची गाडी, सगळं इकडून तिकडे जात होतं. एका पोलिसाने मुलींची ओळखपत्रं चाळली आणि जांभई दिली. इतकी सोपी सीमा मला पटेना. पलीकडे गेल्यावरही मी मागे वळून बघत राहिले, की कोणीतरी हाक मारून अडवेल.

कोणी अडवलं नाही. फक्त घड्याळ पाव तास पुढे करावं लागलं. देवरे मॅडमनी त्यांचं केलं नाही. "आपण कशाला बदलायचं? आठवडाभराचा तर प्रश्न आहे," असं म्हणून त्या पूर्ण दौऱ्यात प्रत्येक ठिकाणी पाव तास उशिरा पोहोचल्या आणि यजमान घाई करतात अशी तक्रार करत राहिल्या.

तानसेन

तानसेन डोंगराच्या कुशीत उभं आहे. उभं म्हणजे अगदी उभं. दुकानाच्या पायरीवर बसलं की खालच्या दुकानाचं छप्पर पायाशी येतं. रस्ते दगडी आणि घसरडे. तिथल्या म्हाताऱ्या बायका पाठीवर डोको नावाची टोपली घेऊन, तिचा पट्टा कपाळावर अडकवून त्या चढावर गप्पा मारत जातात, आणि आमच्या मुली रिकाम्या हाताने धापा टाकतात. पुरुषांच्या डोक्यावर रंगीत ठिपक्यांच्या विणीच्या टोप्या. ते कापड इथलंच, घरोघरी मागावर विणलेलं. त्याला ढाका म्हणतात.

शाळेत टिळे, फुलांच्या माळा, भाषणं. तिथले मुख्याध्यापक पौडेल सर हसऱ्या चेहऱ्याचे आणि छान हिंदी बोलणारे. एवढं हसणाऱ्या मुख्याध्यापकावर माझा विश्वास बसत नाही. कोळीनृत्य झालं. समोर बसलेल्या मुलींपैकी एकीने टाळ्या थांबल्यावर हिंदीत विचारलं, "आपके गाँव में समंदर कितना दूर है?" देवरे मॅडम म्हणाल्या, "बहुत पास." प्रश्न विचारणारी ती अस्मिता. पूनम तिच्याच घरी राहणार होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला तेव्हाच कळलं, की यांचं जमणार.

आम्ही शिक्षिका एका लॉजवर उतरलो होतो. मुली घरोघरी गेल्या. पूनमला सोडायला मी गेले. बाजारातलं तीन मजली विटांचं घर, कोरीव लाकडी खिडक्या, दारावर तिहारची, म्हणजे त्यांच्या दिवाळीची, सुकलेली झेंडूची माळ. आम्ही पायरी चढलो तोच आतून एक तपकिरी कुत्रा धावून आला आणि भुंकायला लागला.

माझ्यावर नाही. पूनमवरही नाही. तो अस्मितावर भुंकत होता. घरच्या मुलीवर!

आतून एक जाडजूड, नीटनेटकी बाई आली आणि कुत्र्यावर ओरडली. कुत्रा गप्प झाला. "नए मेहमान देखकर डर गया," ती म्हणाली.

नवे मेहमान आम्ही होतो. त्याने आमच्या पिशव्या हुंगल्या होत्या आणि सोडून दिल्या होत्या.  जिना चढताना तर अस्मिताने दिव्यासाठी चुकीचं बटण दाबलं आणि पंखा लागला. मग दुसरं दाबलं, तेही चुकलं. डोक्यात मी एक खूण करून ठेवली.

साहुनी

तिथलं जेवण मला आवडलं आणि त्यामुळे मी जास्तच सावध झाले. डाळ-भात दोन्ही वेळेला. भात संपला की विचारायच्या आत वाढतात. उडदाचे बटुक आपल्या मेदूवड्याच्या चुलत भावासारखे. चुकौनी म्हणजे उकडलेला बटाटा, दही, कांदा आणि वरून मेथीची फोडणी. ही एकच गोष्ट मी नाशिकला येऊन करून बघितली. लोणच्यात टिमूर घालतात. आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या नात्यातलं काहीतरी असावं, जीभ झणझणते आणि बधिर होते. देवरे मॅडमनी एक दाणा चावला, जीभ बाहेर काढली आणि घाबरून मला म्हणाल्या, "अगं, यांनी काय घातलंय यात? मला जीभच जाणवत नाहीये!"

"विष असेल," मी म्हटलं.

त्यांनी खरंच ताट सरकवलं. संशयाच्या बाबतीत आमचं दोघींचं तेवढ्यापुरतं एकमत झालं.

रोज शाळा सुटल्यावर मी त्या विटांच्या घरी चहाला जायचे. पूनम मजेत आहे असं म्हणायची. तरी मला जे दिसायचं ते बरोबर वाटत नव्हतं. अस्मिता सगळ्यांच्या मागून जेवायची. सगळ्यांची ताटं ती उचलायची. साखरेचा डबा शोधायला तिला तीन फडताळं उघडावी लागली. आणि ती त्या बाईंना आई म्हणत नव्हती. 'साहुनी' म्हणत होती.

लॉजच्या मालकाला विचारलं, साहुनी म्हणजे काय. "दुकान की मालकिन, मैडम. सेठानी."

झालं. आपल्या आईला कोण शेठाणी म्हणतं? मला सगळं चित्र एका क्षणात स्पष्ट दिसलं. ही घरची मुलगी नाही. ही कामाला ठेवलेली मुलगी आहे, आणि शाळेला दाखवण्यापुरती तिला लेक केली आहे. बालमजुरीवर मी मुलांकडून निबंध लिहून घेते. इथे माझ्या डोळ्यांदेखत एक मुलगी ताटं विसळत होती आणि आम्ही सांस्कृतिक आदानप्रदान करत होतो.

मी पूनमला शाळेच्या अंगणात बाजूला घेतलं. "खरं सांग. अस्मिता त्या घरात काम करते ना?"

पूनमचा चेहरा पडला. "नाही मॅडम."

"मग ते तिचं घर आहे?"

तिने पुन्हा चपलेकडे बघितलं.

"पूनम, मी आत्ता पौडेल सरांकडे जाते. मी हे सोडणार नाही."

"नका ना मॅडम," तिने माझी ओढणी धरली. "तुम्ही गेलात की मग माझंपण निघेल."

"तुझं काय?"

ती रडली नाही. वर्गात उत्तर देते तसं सरळ सांगितलं. "अस्मिता नाशिकला येईल ना, तेव्हा ती आमच्या घरी नाही राहणार. कॉलेज रोडला अध्यक्षांच्या मेव्हण्यांचा फ्लॅट आहे. तिथे मी आणि ती राहायचं. मी सांगायचं, हे माझं घर. तिथल्या काकूंना आई म्हणायचं. देवरे मॅडम म्हणाल्या, नाही म्हटलीस तर अस्मिताला दुसऱ्या मुलीकडे देऊ."

"आणि तू हो म्हटलीस?"

"मग काय करू? मला अस्मिता पाहिजे ना." मग जरा थांबून, "तिनेपण हो म्हटलंय. तिला पूनम पाहिजे होती."

मी पौडेल सरांच्या खोलीत गेले ते तरीही तावातावानेच. मुलींना खोटं घर दाखवायला लाज कशी वाटत नाही, असं काहीसं बोलले. पौडेल सर पहिल्यांदाच हसायचे थांबले. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"देखिए मैडम, झूठ हमने बोला, साहुनी का घर हमने माँगकर लिया. मान लिया. लेकिन सवाल किसका था?" ते म्हणाले. "आपके यहाँ से बार-बार फोन आया. घर पक्का चाहिए. बाथरूम घर के अंदर चाहिए. गीजर चाहिए. घर में बकरी नहीं चाहिए. हमारी आधी लड़कियाँ तो उसी में कट गईं. अस्मिता मेरी सबसे तेज़ लड़की है. मैं उसे काट दूँ?"

 सीमेपलीकडे मी ज्याच्या मागावर होते, त्याचं मूळ आमच्या फाटकावरच्या फ्लेक्सच्या मागे होतं.

"बकरी का भी बोला था?" एवढंच मी विचारलं.

"हाँ. बकरी का दो बार बोला."

खालची वाडी

नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते, रविवारी शाळा भरते. शनिवारी सकाळी सगळ्यांना गावाच्या वरच्या, श्रीनगर नावाच्या टेकडीवर नेलं. खाली दरीत धुकं साचलेलं होतं, पांढरं, सपाट, काठोकाठ. तिथले लोक त्याला पांढरं तळं म्हणतात. पलीकडे बर्फाचे डोंगर उजळत होते. सगळ्यांनी फोटो काढले. अस्मिताने पूनमला धुक्यात बोट दाखवलं आणि म्हणाली, "मेरा घर उधर है. तालाब के अंदर."

देवरे मॅडम पाव तास मागे होत्या. पौडेल सरांनी दुसरीकडे बघितलं. आम्ही तिघी उतरायला लागलो.

वाट भाताच्या कापलेल्या पायऱ्यांमधून जात होती. मी दोनदा पडले. पूनम एकदाही पडली नाही. बांधावरून चालायची तिची सवय, आणि अस्मिताची डोंगरावरची. दोघी पुढे पळत होत्या आणि माझ्या घसरण्यावर हसत होत्या. धुक्यात शिरलो तशी गार ओल गालाला लागली. मग खाली लाल मातीने सारवलेलं, वर पांढरं असलेलं एक घर दिसलं. गोठ्यात म्हैस. दाराशी दोन बकऱ्या. त्यांच्याकडे मी आदराने बघितलं.

काळा कुत्रा आला. अस्मिताच्या छातीवर पाय टाकून नाचला, आणि मग माझ्यावर असा भुंकला, की मी बांधावर परत चढले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. कुत्रा बरोबर माणसावर भुंकत होता.

अस्मिताची आई पडवीत मागावर बसली होती. आम्हाला बघून ती उठली, पण पुढे आली नाही. मुलीला तिच्या भाषेत काहीतरी झटपट विचारलं. अस्मिता मला म्हणाली, "आमा पूछती है, अब मेरा नाम कटेगा क्या?"

"नाही," मी म्हटलं, "नहीं कटेगा." तिला ते पटलं नाही. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला ओळखीची होती. आठवडाभर मी सगळ्यांकडे तशीच बघत होते.

मग ती मराठीत म्हणाली, "बसा ना. चहा टाकते."

पूनम उडालीच. "काकू, तुम्हाला मराठी येतं?"

नवरा पुण्याला एका सोसायटीत वॉचमन होता, तेव्हा ती तिथे बरीच वर्षं राहिली होती. फ्लॅटमध्ये धुणीभांडी करायची. "थोडं थोडं," ती म्हणाली आणि पुढचं हिंदीत बोलली. तुमच्याकडची खूप घरं मी पाहिली आहेत, म्हणाली. फरशी कुठे घसरते तेही मला माहीत आहे. पण ये, बस, असं म्हणून कोणी बसवलं नाही. चहा मिळायचा, उभ्याने. कप वेगळा.

तिने आम्हाला चुलीशी बसवलं. मक्याचा जाड भात, रायाची, म्हणजे मोहरीची पालेभाजी, ताक. पूनमने मागून मागून खाल्लं. मग तिने चुलीत लाकूड सारलं, न सांगता, सवयीने. अस्मिताच्या आईने ते बघितलं.

"तेरे घर में भी चूल्हा है?"

पूनमने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, एवढंच सांगायचं होतं. "गॅस आहे," ती म्हणाली. "पण भाकरी चुलीवर. दोन खोल्या आहेत. पत्र्याच्या. बाथरूम बाहेर आहे, त्याला दार नाही, साडी लावलीये." मग तिने कॉलेज रोडच्या फ्लॅटचंही सांगून टाकलं. त्या काकूंना आई म्हणायचं आहे, तेही.

अस्मिताच्या आईने ऐकून घेतलं. चुलीपासून उठून आतल्या खोलीत गेली आणि घडी घातलेलं एक कापड घेऊन आली. लाल-काळ्या विणीची शाल होती. ती तिने पूनमला दिली नाही. अस्मिताच्या हातात ठेवली आणि हिंदीत बोलली, म्हणजे आम्हालाही कळावं: "ये इसकी आमा के लिए. उसके चूल्हे पर बैठके देना. किसी और को नहीं."

परत नाशिक

आमच्याकडे आल्यावर मी भांडले. देवरे मॅडम म्हणाल्या, "तुला काय वाटतं, मला हौस आहे? परक्या देशाची मुलगी बाथरूमला दार नसलेल्या घरात ठेवायची? काही झालं तर तू येणार आहेस उत्तर द्यायला?" हा मुद्दा अगदी खोटा नव्हता, म्हणून मला जास्त राग आला.

मी पूनमच्या घरी गेले. गोदावरीच्या पाटाच्या कडेला पत्र्याची घरं, समोर शेवंतीचे वाफे. पूनमची आई हार ओवत होती. सुई न थांबवता ती म्हणाली, "शाळंत म्हनले, मोठ्या घरात ठिवू, तुमाला तरास नाय. म्हनलं, बरं. पन मॅडम, आता लेकीची मैतरीन येनार, आन् म्या काय करायचं? शेजारीन म्हनून जाऊ का तिला भेटायला?"

बाहेर बाथरूमला नवीन पत्र्याचं दार बसवलेलं होतं. निळा रंग अजून ओला होता. पूनमचे वडील हातातला ब्रश मागे लपवून म्हणाले, "बसवायचंच व्हतं कवाचं."

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. शीर्षकही झालं होतं. पूनमला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मॅडम, याच्यात माझं नाव येईल. आमच्या बाथरूमचं येईल. मग सगळे त्याच्यावर बोलतील. मला अस्मिताला घरी न्यायचंय, पत्रकात नाही." मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. घडी घालायची सवय आहेच.

अस्मिता आली. निफाडला द्राक्षांचे मळे बघितले, पंचवटी झाली, मिसळ झाली. मिसळीचा पहिला घास घेऊन अस्मिताने देवरे मॅडमसारखी जीभ बाहेर काढली. दोघी कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. तिथे कुत्रा नव्हता, पण पूनमला दिव्याचं बटण सापडत नव्हतं, असं अस्मिताने मला हसत सांगितलं. शालीची पिशवी ती रोज पाठीला लावून फिरायची. मी विचारलं, "कब दोगी?" ती म्हणाली, "घर जाएँगे तब." कोणाचं घर, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती, की जाणार कधीच नाही. पाहुण्या मुली परत निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं सगळं वेळापत्रक भरलेलं होतं.

निरोपाचा समारंभ सभागृहात होता. अध्यक्ष, फुलं, माईक. यजमान मुलींच्या आया स्टेजवर येऊन पाहुण्या मुलींना ओवाळणार आणि पाहुण्या मुली त्यांना आपापली भेट देणार, असं ठरलं होतं. पाहुण्यांसाठी शेवंतीचे हार पूनमच्या आईकडून आले होते. ती ते टोपलीतून घेऊन आली आणि शेवटच्या रांगेच्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. "थांबते जरा. बगून जाते," असं मला म्हणाली.

पूनमचं नाव पुकारलं. फ्लॅटमधल्या काकू पैठणी सावरत स्टेजवर गेल्या. चांगल्या बाई, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी अस्मिताला ओवाळलं आणि भेटीसाठी दोन्ही हात पुढे केले. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला.

अस्मिताने पिशवी छातीशी धरली आणि ती तशीच उभी राहिली.

"दे बेटा," अध्यक्ष माईकवरून म्हणाले. "पूनम की मम्मी को दे."

अस्मिताने माईककडे तोंड नेलं. शब्द सगळ्या सभागृहात गेले. "आमा ने बोला है, चूल्हे पर बैठके देना. पूनम के घर तो मैं अभी गई नहीं."

कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. देवरे मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. मी पर्सच्या कडीवर हात ठेवला होता, आत पत्रक होतं. पूनम खालच्या रांगेतून उठली, स्टेजकडे गेली नाही, उलट मागे चालत आली. सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वळल्या. तिने भिंतीशी उभ्या असलेल्या आईचा हात धरला. हाताला पिवळा रंग लागलेला होता. "ही माझी आई," ती म्हणाली. माईक नव्हता. ऐकू गेलं.

अध्यक्ष मुरलेले. दोन क्षणांत त्यांनी माईक परत हातात घेतला आणि म्हणाले, "वा! हीच तर आपली संस्कृती. आत्ताच्या आत्ता सगळे पूनमच्या घरी जाऊ." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात फ्लेक्सवर काय छापून येणार, ते मला तिथेच वाचता आलं, आणि तसंच आलं.

पण गेलो. अध्यक्षांची गाडी पुढे, फोटोग्राफर मागे, देवरे मॅडम घड्याळ बघत. पाटाच्या कडेला गाड्या थांबल्या. शेवंतीच्या वाफ्यातून टिप्या नावाचा पूनमचा कुत्रा धावत आला. पूनमच्या पायांत घोटाळला. मग अस्मितावर भुंकला, फोटोग्राफरवर भुंकला, आणि अध्यक्षांवर तर पुढचे पाय रोवून, पाठीवरचे केस उभे करून भुंकला. ते गाडीतच बसून राहिले.

"टिप्या, गप!" पूनम ओरडली. टिप्या तिच्या आवाजाने लगेच गप्प झाला.

अस्मिता वाकून आत गेली. पूनमची आई म्हणाली, "ये बाई, बस." ती चुलीशी बसली आणि पिशवी उघडली.